गुग्गुळ बियांपासून वाढवायचा तर

गुग्गुळाचं रोप फांदीपासून सहज होतं. पावसाच्या तोंडावर अंगठ्याएवढ्या जाडीची, फूटभर लांब फांदी कापायची आणि वाळू मिसळलेल्या मातीत खोचायची. दोन-तीन आठवड्यांत मुळं सुटतात, आणि लावलेल्यांपैकी बहुतेक फांद्या जगतात. बियांचं तसं नाही. शेतीच्या पुस्तिकांमध्ये गुग्गुळाच्या बियांची उगवण ५ टक्क्यांच्या आसपास दिलेली असते, आणि तो आकडा वाचून बरेच जण बियांचा नाद तिथेच सोडतात. माझ्या मते ही घाई आहे. त्या आकड्यात बियांचा दोष आहेच, पण न निवडता पेरण्याचा वाटाही मोठा आहे. आणि हे झुडूप रानात टिकवायचं असेल तर फांद्या खोचत राहून भागणार नाही. का भागणार नाही, हे कळायला गुग्गुळाच्या फुलापर्यंत जावं लागतं. तिथवर जाऊच, पण आधी समोरचं झुडूप गुग्गुळ आहे की नाही हे बघू.

वनस्पतिशास्त्रात याला कमिफोरा वाइटी म्हणतात. धुपात आणि औषधात वापरला जाणारा हिराबोळ ज्या वंशातून येतो, त्याच वंशातलं हे झुडूप. राजस्थान, गुजरात आणि सीमेपलीकडचे सिंध, बलुचिस्तान हा त्याचा मुख्य मुलूख. वर्षाला साधारण २२५ ते ५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या खडकाळ टेकड्यांवर आणि मुरमाड उतारांवर ते वाढतं. जुन्या नोंदींत खानदेश, वऱ्हाड आणि बेल्लारीचीही नावं येतात. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत ते आज अतिसंकटग्रस्त गटात आहे. रानातून नामशेष होण्याच्या अगदी आधीची ही पायरी.

ही वेळ त्याच्या डिंकामुळे आली. आयुर्वेदात गुग्गुळ जुनाच, पण १९६६ साली जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात रक्तातल्या चरबीवर गुग्गुळाचा काय परिणाम होतो यावर प्रबंध लिहिला, आणि आधुनिक औषधनिर्मितीचंही लक्ष या डिंकाकडे गेलं. मागणी वाढली, झुडूप मात्र आपल्याच गतीने वाढत राहिलं. चीर देण्याजोगं व्हायला त्याला आठ-दहा वर्षं लागतात. एवढा धीर नसलेल्यांनी चिरेत इथेफॉनसारखी रसायनं भरायला सुरुवात केली. त्याने डिंक नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वाहतो, पण अशी चीर दिलेलं झुडूप पुढे बहुधा वाळून जातं. डिंक काढणाऱ्याचं एका हंगामाचं भागतं, झुडपाचा मात्र तो शेवटचा हंगाम ठरतो.

ओळख

वर्षातला बराच काळ गुग्गुळ मेल्यासारखा दिसतो. पानं पावसाबरोबर येतात आणि थंडी सुरू झाली की झडून जातात. उरतो तो राखाडी, वेड्यावाकड्या काटक्यांचा गुंता, माणसाच्या उंचीचा किंवा थोडा जास्त. त्यामुळे पहिल्यांदा बघायला जायचं तर पावसाळ्यात जावं, आणि ओळख पक्की झाली की त्याच झुडपाकडे उन्हाळ्यात परत जावं. दोन्ही रूपं डोळ्यांत बसली की मग चुकत नाही.

जवळ गेल्यावर आधी साल बघायची. जुन्या फांद्यांवरून पातळ कागदी पापुद्रे सुटलेले असतात. एखादा पापुद्रा बोटाने अलगद उचलला की खाली हिरवट, तुळतुळीत साल दिसते. पानं नसलेल्या महिन्यांत ही हिरवी सालही थोडंफार अन्न तयार करते. फांद्या सरळ जात नाहीत. गाठागाठींनी वळतात आणि टोकाला काट्यात संपतात. म्हणजे इथे काटा फांदीवर वेगळा उगवत नाही, फांदीचं टोकच टोकदार होतं. बाभळीचे काटे पेरावर जोडीने येतात, हा फरक लक्षात ठेवला तर काटेरी झुडपांची अर्धी गर्दी तिथेच बाजूला होते.

पान लहान, एकाच पर्णिकेचं (म्हणजे पानातल्या छोट्या पानाचं) किंवा तीन पर्णिकांचं. तीन असतील तर मधली ठसठशीत मोठी आणि कडेच्या दोन तिच्या मानाने अगदीच चिमुकल्या. आकार बुडाशी निमुळता आणि टोकाकडे रुंद. कडेला, विशेषतः वरच्या अर्ध्यात, करवतीसारखे दाते. देठ जवळजवळ नसतोच, पानं फांदीला चिकटून झुबक्याने आलेली दिसतात. चुरगळलं की वास येतो. वास बघायला पान पुरेसं आहे, त्यासाठी खोडाला चाकू लावू नये. अतिसंकटग्रस्त झाडाला ओळखपरेडीपोटी जखम करण्याचं काहीच कारण नाही.

घोटाळा कुठे होतो? पहिला सालईशी. सालईचा डिंकही ‘सालई गुग्गुळ’ म्हणून विकला जातो आणि तिच्याही सालीचे पापुद्रे निघतात. पण सालई हा चांगला मोठा वृक्ष आहे, तिला काटे नसतात आणि एका पानात पुष्कळ पर्णिका जोडीजोडीने लागलेल्या असतात. दुसरा घोटाळा गुग्गुळाच्या दक्षिणेकडच्या भावंडांशी. कमिफोरा कॉडाटा हे बिनकाट्याचं, हिरव्या खोडाचं झाड. त्याच्या पर्णिकांची टोकं शेपटीसारखी लांब निघालेली असतात. कमिफोरा बेरी मात्र खरोखर फसवते. काटे तेच, तीन पर्णिका त्याच. दक्षिणेत ती कुंपणाला लावतात. तिची पानं गुळगुळीत, तुकतुकीत आणि स्पष्ट देठावर येतात, ही खूण धरून चालावं. ‘गुग्गुळ’ अशी पाटी लावलेलं रोप विकत घेताना एवढं बघितलं तरी पुष्कळ झालं.

फुलात काय चाललंय

गुग्गुळाचं फूल इतकं लहान असतं की शोधूनच बघावं लागतं. चार-पाच मिलिमीटरचं, विटकरी-तांबूस, बिनदेठाचं, दोन-तीनच्या पुंजक्याने फांदीला बिलगलेलं. भिंग घेतलं की आतलं दिसतं. मधोमध फुगीर अंडाशय आणि भोवती खुरटलेले, परागकण नसलेले पुंकेसर दिसले तर फूल मादी. भरलेले पुंकेसर असतील आणि मधे अंडाशय नावापुरताच असेल तर नर. सहसा एका झुडपावर एकाच प्रकारची फुलं येतात.

दिल्ली विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८८ ते १९९० या काळात पश्चिम भारताच्या कोरड्या पट्ट्यात हिंडून गुग्गुळाची झुडपं तपासली. जिकडे बघावं तिकडे माद्याच. एवढ्या मोठ्या पट्ट्यात त्यांना निखळ नर झुडपं फक्त २ सापडली, आणि नर व उभयलिंगी अशी दोन्ही फुलं असलेलं १ झुडूप. पुढे गुजरातेत नर आणि उभयलिंगी झुडपं आणखी आढळली, तरी बहुतेक रानांत नर दुर्मीळ आहे हे चित्र काही बदललं नाही.

नर नाहीत तर फळं कशी धरतात? कारण माद्या तर दर हंगामात फळांनी लगडतात. १९९६ साली त्याच गटाने प्रसिद्ध केलेलं उत्तर असं: गुग्गुळाच्या मादीला बी धरायला परागकण लागतच नाहीत. परागकण पोचोत न पोचोत, बी तयार होतं. बीजांडाच्या आत गर्भाच्या जागेभोवती आईच्याच ऊतकाचं एक आवरण असतं. गुग्गुळात त्या आवरणातल्या साध्या पेशी वाढून गर्भ बनतात. अंडपेशी नको, फलन नको, बाप नको. गर्भाला पोसणारं अन्नही आपोआप तयार होतं. मोसंबी, लिंबाच्या एका बीमधून कधीकधी दोन-तीन रोपं निघतात ती याच पद्धतीची, पण तिथे परागण व्हावं लागतं. गुग्गुळाने तेवढीही गरज ठेवलेली नाही. गुग्गुळाच्याही एकाच बीमधून एकाहून जास्त कोंब येऊ शकतात, ते यामुळेच.

याचा रोपं करणाऱ्यासाठी अर्थ सरळ आहे आणि थोडा अस्वस्थ करणाराही. एका मादीखाली वेचलेल्या शंभर बियांची शंभर रोपं बहुधा त्या एकाच मादीच्या शंभर प्रती असतात. गुणसूत्रांच्या हिशोबाने ती त्या मादीच्या शंभर फांद्या लावल्यासारखीच. एखादी कीड, एखादा रोग किंवा कडक थंडीची लाट त्या मादीला मारू शकत असेल तर त्या शंभरांनाही मारू शकते. म्हणून ‘आम्ही बियांपासून रोपं केली, विविधता जपली’ हे गुग्गुळाच्या बाबतीत आपोआप खरं ठरत नाही. फळं लागली म्हणजे जवळ नर असणार, हा अंदाजही इथे चालत नाही.

मग बी कशाला, हा प्रश्न आणखीच टोकदार होतो. माझं उत्तर असं. एक, बियाच्या रोपाला सोटमूळ असतं. छाटापासून, म्हणजे कापून खोचलेल्या फांदीपासून, झालेल्या झाडाला बाजूची मुळं असतात, आणि वाळवंटी वाऱ्यात व खोल गेलेल्या ओलीपर्यंत पोचण्यात हा फरक जाणवतो. दोन, बी घेताना आई कापावी लागत नाही. जखमी, डिंकासाठी चिरलेल्या झुडपावरून फांद्या काढणं म्हणजे त्याच्या मरणाला हातभार. तीन, आणि माझ्या दृष्टीने हे सगळ्यांत महत्त्वाचं: जिथे आसपास नर किंवा उभयलिंगी झुडूप आहे, तिथल्या बियांमध्ये खऱ्या फलनातून आलेली काही बियं असू शकतात. गुणांच्या नवीन जोडणीची झाडं मिळाली तर तिथूनच मिळतील, छाटातून कधीच नाही. म्हणून एका मादीची हजार बियं गोळा करण्यापेक्षा पन्नास वेगवेगळ्या, एकमेकींपासून दूर असलेल्या माद्यांची वीस-वीस बियं गोळा केलेली बरी. नर सापडला तर त्याच्या जवळच्या माद्यांची बियं वेगळ्या पिशवीत.

काळं बी, पांढरं बी

गोळा करण्याची वेळ आणि बियांचा रंग या दोन गोष्टींवर बरंचसं यश ठरतं. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये पिकणाऱ्या फळांतलं बी उगवणीला सरस मानलं जातं. फळ हिरवं असतं ते पिकताना लाल होतं, वाटाण्याहून किंचित मोठं, टोकाला निमुळतं. दाबलं की वरची साल फाकते आणि आतून कठीण बी निघतं. झाडावरचं लाल फळच घ्यावं. खाली पडलेल्यांत किडलेली आणि पोकळ जास्त. आणि सगळी फळं ओरबाडू नयेत, झुडपाखालीही काही बी पडायला हवंच. राखीव वनातून बी उचलणं म्हणजे वनोपज घेणं, त्यामुळे वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. एखाद्या शेताच्या बांधावरचं झुडूप असेल तर शेतमालकाला विचारलं की झालं.

आता मुख्य गोष्ट. गुग्गुळाच्या फळांत दोन तऱ्हेची बियं निघतात, एक काळी आणि एक पिवळट-पांढरी. रुजतात ती काळी. पांढऱ्यांमध्ये जिवंत गर्भ नसतो, ती कितीही जपली तरी उगवत नाहीत. दोन्हींची सरमिसळ करून पेरली आणि मोजणी केली की उगवण कमी भरणारच.

पण रंग बघण्याआधी बी स्वच्छ करावं लागतं, आणि नवख्याची गफलत इथेच होते. बीभोवती पिवळसर, मऊ गर चिकटलेला असतो. फळ फोडल्या फोडल्या बघितलं तर काळं बीसुद्धा पिवळट भासतं आणि टाकून दिलं जातं. म्हणून फळं रात्रभर पाण्यात ठेवावीत, सकाळी जाड वाळूबरोबर दोन्ही तळहातांत चोळावीत, आणि गर पूर्ण सुटेपर्यंत दोन-तीन पाण्यांनी धुवावीत. मग ओलं बी पांढऱ्या कापडावर पसरावं. आता रंग खरा दिसतो. काळं बी एका बाजूला, पांढरं दुसऱ्या बाजूला. काळ्यांतलीही पाण्यावर तरंगणारी बहुधा पोकळ असतात, ती काढून टाकावीत. गर धुण्याचा आणखी एक फायदा म्हणजे पेरल्यावर बुरशी आणि मुंग्या कमी लागतात.

निवडलेलं बी सावलीत सुकवून शक्य तितक्या लवकर पेरावं. पुढच्या वर्षासाठी डब्यात भरून ठेवण्याच्या फंदात पडू नये, ताज्या बीची बरोबरी साठवलेलं बी करत नाही. कवच कठीण असल्याने पाणी आत जायला वेळ लागतो. वाळूकागदावर कवचाची एक बाजू हलकेच घासून बी दिवसभर पाण्यात भिजवलं, पाणी मधे एकदोनदा बदललं, तर मदत होते. घासताना आतला पांढरा गाभा दिसायला लागला म्हणजे जास्त झालं.

पेरणी आणि नंतर

पिशवी उंच घ्यावी, निदान वीत-सव्वा वीत. सोटमूळ पहिल्याच हंगामात खाली धावतं आणि बुटक्या पिशवीत तळाशी गोल गुंडाळतं, मग बियांपासून रोप केल्याचा निम्मा फायदा गेला. मातीत वाळू भरपूर हवी. वाळू, पोयटा आणि चांगलं कुजलेलं शेणखत समप्रमाणात घेतलं तरी चालतं, पण शंका असेल तर वाळूच वाढवावी. पाणी ओतलं की ते वर साचता कामा नये. बी सेंटिमीटरभर खोल, वर पातळ वाळूचा थर. पिशव्या विरळ सावलीत ठेवाव्यात, गच्च सावलीत नाही. गुग्गुळाचं रोप ऊन मागतं.

उगवण एकदम होत नाही. काही कोंब आठवडा-दोन आठवड्यांत दिसतात, काही महिनाभर रेंगाळतात. म्हणून रिकाम्या वाटणाऱ्या पिशव्या लगेच उलट्या करू नयेत. एका पिशवीत दोन कोंब आले तर अशक्त कोंब उपटून टाकायची सवय इथे आवरावी. लिंबवर्गात आईच्या प्रती जोमदार असतात आणि फलनातून आलेलं रोप पुष्कळदा त्यांच्यापुढे किरकोळ दिसतं. नराच्या शेजारून आणलेल्या बियांत असं झालं असण्याची शक्यता सोडू नये. दोन-चार पानं आली की दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत हलवावीत.

पाण्याच्या बाबतीत माणसाची माया नडते. वरची माती पेरभर सुकली की मगच पाणी. सततच्या ओलीत कोवळं खोड मातीच्या रेषेवर मऊ पडून कोलमडतं, आणि एकदा हे सुरू झालं की शेजारच्या पिशव्याही जातात. कोरड्या जमिनीत वाळवीही त्रास देते, तिच्यासाठी पिशव्या थेट मातीवर न ठेवता विटांवर मांडल्या तर बरंच वाचतं. शेळ्यांपासून राखण वेगळी सांगायला नको.

थंडी सुरू झाली की रोपांची पानं पिवळी पडतात, गळतात आणि पिशवीत एक वाळकी काडी उरते. पुष्कळ रोपं या टप्प्यावर मेली म्हणून फेकली जातात. काडीवर नख ओढून बघा. खालची साल हिरवी आणि ओलसर असेल तर रोप जिवंत आहे, फक्त झोपलंय. या काळात पाणी अगदी कमी द्यायचं, पानं नसलेलं झाड पाणी फारसं पीत नाही. कडक थंडीचा आणि दवगोठीचा मात्र त्याला खरोखर त्रास होतो. जिथे पारा शून्याकडे जातो तिथे पहिल्या हिवाळ्यात रात्री गोणपाट टाकावं.

रानात किंवा शेतात लावणी पुढच्या पावसाळ्यात, पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर. दोन झुडपांत दोन मीटर तरी अंतर. निसर्गात गुग्गुळ पुष्कळदा थोराच्या किंवा दुसऱ्या काटेरी झुडपाच्या आडोशाला वाढताना दिसतो. कोवळेपणी ऊन, वारा आणि जनावरांची तोंडं यांपासून तिथे आपोआप संरक्षण मिळतं. लावणी करताना जागा साफ करायच्या हौसेपोटी असे आडोसे तोडू नयेत, उलट त्यांच्याच कडेला खड्डा घ्यावा.

प्रत्येक रोपाबरोबर त्याच्या आईची खूण पुढे जायला हवी: कुठल्या टेकडीवरची मादी, कधी घेतलेलं बी, जवळ नर होता का. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने कोरलेला क्रमांक उन्हातही टिकतो, पेनाने लिहिलेली प्लॅस्टिकची पट्टी एका उन्हाळ्यात कोरी होते. लावताना एकाच क्रमांकाची रोपं शेजारी-शेजारी लावू नयेत, सगळे क्रमांक मिसळून लावावेत.

काही वर्षांनी झुडपं फुलावर येतील तेव्हा भिंग घेऊन पुन्हा एक फेरी मारावी लागेल. बहुतेक माद्याच निघतील. एखादं झुडूप भरपूर फुलूनही फळ धरत नसेल तर ते वांझ म्हणून काढून टाकण्याआधी त्याचं फूल उघडून बघा. पुंकेसर भरलेले असतील तर तो नर आहे, आणि अख्ख्या लागवडीत त्याच्याइतकं मोलाचं झुडूप दुसरं नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या चार-सहा फांद्या घ्या, छाट लावा आणि ते नर माद्यांच्या अधेमधे पेरून द्या. छाटाची पद्धत खरी कामाला येते ती इथे.